साईट बंद हाय, म्हणाले मी

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या शाळेत पहिलीच्या लेकरांनासुद्धा ठाऊक आहे. सकाळी पाथरीहून काळीपिवळीत अंग चोरून बसायचं, फाट्यावर उतरायचं, तिथून कापसाच्या रानातून पायी यायचं, आणि शाळेत पाय ठेवत नाही तोवर कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, एवढी एक लिंक भरायची हाय." राग येणार नाही तर काय येईल?

शाळा सरकारी, पहिली ते पाचवी, आणि शिकवणारे आम्ही दोघंच. एक मी, आयुष्य फळ्यापुढं गेलेलं. दुसरे सर, माझ्या मुलाच्या वयाचे. ऑनलाईनचं जे काही असेल ते सर बघायचे. मी कागदावर लिहून द्यायची, ते मोबाईलवर भरायचे. असं चाललं होतं तोवर बरं चाललं होतं.

मग एका मीटिंगमध्ये केंद्रप्रमुखांनी विचारलं, विद्यार्थ्यांची माहिती कोण भरणार? सर हसत म्हणाले, "मॅडमला राहू द्या साहेब, त्यांच्याकडनं व्हायचं न्हाई ते. मीच करतो." चांगल्या मनानं म्हणाले बिचारे. पण सगळ्या केंद्राचे मास्तर बसलेले, दोघं-तिघं फिस्सकन हसले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"का व्हायचं न्हाई?" मी म्हणाले. "द्या तो पासवर्ड इकडं. आजपासून माझ्या नंबरवर करा सगळं."

"मॅडम, अहो..."

"अहो न्हाई आन् काहो न्हाई. द्या."

झालं. ओटीपी माझ्या फोनवर यायला लागले. पासवर्ड मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि दोन दिवस नुसती त्याच्याकडं बघत बसले.

आता माझी एक पद्धत सांगते, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं. आमच्या गावातली बरीच घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पार कोल्हापूर-सांगलीकडं. आईबाप जातात, मग लेकरंही जातात. जाणाऱ्या लेकराचं नाव मी हजेरीतून कधी काढत नाही. नावापुढं पेन्सिलीनं बारीक टिंब देते. त्यावरून खिचडी शिजवणाऱ्या बाईला अंदाज येतो, आज तांदूळ किती घ्यायचे. जाईल की राहील असं ज्याचं पक्कं नाही, त्यालाही टिंब देऊन ठेवते. राहिलं तर खोडरबर हाताशी असतंच. गुढीपाडव्याच्या सुमाराला लेकरं परत आली की सगळी टिंबं पुसून टाकायची, की वर्ग पुन्हा भरलेला. माझ्या आधीच्या हेडमास्तरांनी मला हे शिकवलं आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी पाचवीत एक पोरगी होती. फळ्यावर उदाहरण लिहून मी खडू खाली ठेवायच्या आत हिचं बोट वर. पाढे पाठ असणारी लेकरं मी लय पाहिली, पण ही पाढ्याच्या पलीकडचा विचार करायची. "मॅडम, असं केलं तर लवकर येतंय की," म्हणायची आणि खरंच लवकर यायचं. सहावीपासूनच्या निवासी शाळेची एक प्रवेश परीक्षा असते. ती पाचवीतच देता येते, आणि एकदाच. त्यात निघाली की बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं तिथंच. म्हणजे उसाचा फड सुटला. मी ठरवूनच टाकलं होतं की ही पोरगी त्यात बसवायची.

पण दर साली ती आईबापाबरोबर जायची. आई-बाप फडात गेले की कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायची, भाकरी टाकायची. मी तिच्या बापाला शाळेत बोलावलं. थोडी कोरडवाहू जमीन असलेला माणूस, कमी बोलणारा. टोपी हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"ठिवतो म्याडम," तो म्हणाला. "माझी बहीण हाय गावात, तिच्यापशी ऱ्हाईल. पर तिची माय ऐकायली न्हाई. बारकं कोण सांभाळंल म्हनती. तिला परीक्षेचा कागुद दावावा लागंल. कागुद असला की मग ती बी काय म्हनत न्हाई."

"कागद देते की. फॉर्म भरला की छापून देते, पोरीचा फोटो असलेला."

"मग झालं," म्हणाला. "कागुद असला तर ऱ्हाईल, नसला तर न्यावं लागंल."

एवढाच सौदा होता. टोळीची गाडी बुधवारी यायची होती. फॉर्मची मुदत त्याच आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत. मला वाटलं, हातात वेळच वेळ आहे.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी एकटीच बसले. सर रजेवर होते, त्यांची बायको सेलूला दवाखान्यात, बाळंत व्हायची होती. म्हटलं, आज हे ऑनलाईनचं एकदा निपटूनच टाकू. साईट उघडली. लेकरांची यादी आली आणि प्रत्येक नावापुढं एक चौकोन. वर लिहिलेलं, स्थलांतरित. बघा, हे तर माझं टिंबच! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. उगाच लोकांनी बाऊ केलाय, म्हटलं. मी जाणाऱ्या लेकरांच्या नावापुढं एकेक खूण करत गेले. त्या पोरीच्या नावापाशी आले. तिचा कागद अजून हातात नव्हता, म्हणजे पक्कं नव्हतं. तिलाही खूण केली. राहिली की पुसू.

खाली एक चौकट आली. काहीतरी विचारत होती, मला वाटलं खात्री करायलेय. "हो" दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा "हो" दाबलं. हिरवी बरोबरची खूण आली. मी त्याचा फोटो काढला आणि सरांना पाठवला, वर लिहिलं, "व्हायचं न्हाई म्हणत होतात ना?" त्यांनी दवाखान्यातून अंगठा पाठवला. काय आहे ते नीट बघितलंही नसणार. त्या दिवशी मी जीपमध्ये ताठ बसून घरी गेले.

सोमवारी सकाळी फाट्यावर उतरले तर गावाकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मुकादमानं दोन दिवस आधीच गाडी आणली होती. कारखाना लवकर सुरू होणार, आजच निघायचं. शाळेपुढच्या रस्त्यावर ट्रक उभा, त्यात गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम चढायलेले. पोरगी शाळेच्या दारातच उभी होती. तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली, हातात वहीच्या कागदात गुंडाळलेला फोटो.

"मॅडम, दादा म्हणले बारा वाजूस्तर कागद पायजे." बापाला ती दादा म्हणायची.

"बारा कशाला? अर्ध्या घंट्यात देते. बस इथं."

आमच्याकडं रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात येते, हातपंपाच्या बाजूला. तिथं खुर्ची टाकून बसले. परीक्षेचा फॉर्म उघडला. पोरीचा नंबर टाकला. "विद्यार्थी आढळला नाही." माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. आढळला नाही. मग आमच्या शाळेची यादी उघडली. पाचवीत ही पोरगीच नव्हती. शनिवारी ज्यांना ज्यांना मी खूण केली होती, त्यातलं एकही लेकरू यादीत नव्हतं.

मी इकडं दाबलं, तिकडं दाबलं, मागं गेले, पुढं गेले. ती हिरवी खूण पुसायची जागा कुठंच नव्हती. सरांना फोन लावला. तीनदा लावल्यावर उचलला.

"मॅडम, मुलगी झाली," ते म्हणाले.

आणि मी, देवा, अभिनंदनसुद्धा केलं नाही. म्हणाले, "सर, यादीतली नावं गेली."

"कशी गेली? तुम्ही स्थलांतरितला खूण तर केली न्हाई ना?"

"केली. टिंब दिल्यागत केली. पुसायची कुठं?"

सर हळूच म्हणाले, "मॅडम, ते पुसायचं नसतंय. दोनदा विचारलं असंल त्यानं. दोनदा हो म्हणलं की लेकरू आपल्या शाळेतून निघून जातंय. आता तालुक्याला विनंती पाठवावी लागंल. त्यांनी मंजूर केलं की नाव परत येतं."

"किती वेळ लागतो?"

"एक दिवस, कधी दोन. बघा, वर कोपऱ्यात तीन रेघा दिसायल्यात का?"

"कुठं तीन रेघा? हां. दिसायल्यात."

"त्या दाबा. आता खाली खाली या. विनंती लिहिलेलं हाय?"

"न्हाई. हाय, हाय. थांबा, फिरायलंय नुसतं."

ते गोल गोल फिरतच होतं. ओटीपी आला, तो बघून टाकेपर्यंत वेळ संपली. दुसरा आला. तेवढ्यात रेंज गेली. मी खुर्ची उचलून हातपंपाच्या ओट्यावर ठेवली आणि त्यावर चढून उभी राहिले, फोन वर धरून. पन्नाशी उलटलेली बाई! पोरं वर्गातून माना काढून बघायलेली. कुणाला दरडावायचंही मला सुचलं नाही. पोरगी मात्र हसली नाही. खाली खुर्ची धरून उभी होती.

साडेअकराला विनंती गेली. पुढं लिहून आलं, "प्रलंबित." मी दर मिनिटाला उघडून बघत होते. प्रलंबित. प्रलंबित. तालुक्याच्या ऑफिसला फोन लावला तर कुणी उचलेना.

बाराला बाप आला. ट्रक सुरूच होता, धूर सोडत. मुकादम वरून ओरडायला लागला होता.

"झाला का म्याडम कागुद?"

मी त्याच्याकडं बघितलं. खरं सांगायला एवढंच लागत होतं की माझ्याकडनं चूक झाली, आज कागद नाही, पण मी दोन दिवसांत आणते. तेवढं तोंडातून निघालं नाही. ज्या बाईनं सगळ्या मास्तरांपुढं "द्या तो पासवर्ड" म्हणून तोंड वाजवलं, तिला एका ऊसतोड्यापुढं "चुकले" म्हणता आलं नाही. लाज वाटली. दुसरं काही नाही, नुसती लाज.

"साईटच बंद हाय हो," मी म्हणाले. "सगळीकडंच बंद हाय."

"कवा सुरू हुईल?"

"काय सांगता येतंय? त्यांच्या मनावर हाय सगळं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, वाद घातला नाही. पोरीला म्हणाला, "चल माय."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मग कागदात गुंडाळलेला फोटो पुढं केला. "मॅडम, हा ठिवता का? सुरू झाली तर लागंल." मी तो घेतला. ती गेली, बापानं तिला दोन्ही हातांनी उचलून वर गाठोड्यांवर बसवली, तिच्या मांडीवर बारकं दिलं, आणि ट्रक गेला. मी व्हरांड्यात उभी होते. माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं मला.

मंगळवारी केंद्रातल्या एका मास्तरांना शाळेवर बसवून मी रजा टाकली आणि पाथरीच्या ऑफिसात ऑपरेटरच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. "आधी माझं करा, मग चहा प्या," म्हणाले. इथं मात्र रागाचा उपयोग झाला. दुपारी सगळी नावं परत आली. पोरगी पुन्हा माझ्या शाळेत. पण ती आता कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या फडात, कुणास ठाऊक.

फॉर्मवर बापाची आणि तिची सही पाहिजे होती. बापाचा फोन बंद. पोरीच्या आत्याच्या घरी जाऊन मुकादमाचा नंबर आणला. बुधवार त्याला फोन लावण्यात गेला. गुरुवारी त्यानं उचलला, फडात जाऊन बापाला फोन दिला. मागं ऊस तोडल्याचे सपासप आवाज. मी सांगितलं, कोऱ्या कागदावर दोघांनी सह्या करा, फोटो काढून पाठवा. पहिला फोटो आला त्यात अर्धा अंगठाच. दुसरा आडवा. तिसरा नीट आला तर साईट म्हणायली, फोटो मोठा आहे. मोठा म्हणजे काय? माझ्या तळहाताएवढा तर दिसायला होता!

शुक्रवारी शेवटचा दिवस. सरांना फोन लावला आणि म्हणाले, "सर, शिकवा मला. मी चिडले तरी शिकवा." ते एका हातात लेकरू घेऊन बोलत होते, मागं ते रडायलं होतं. फोटो लहान कसा करायचा, हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोन आपटला. चौथ्यांदा झालं. चारच्या पुढं फॉर्म गेला. या वेळी चौकटीत काय लिहिलंय ते मी शब्द न शब्द वाचलं, बोट ठेवून, आमच्या दुसरीतल्या लेकरांसारखं, आणि मगच "हो" दाबलं.

बापाला कळवलं तर तो म्हणाला, "लय उपकार म्याडम. साईट सुरू झाली म्हना की." मी "हो" म्हणाले. तेव्हाही सांगता आलं असतं.

तिला आता परत पाठवा, असं मी म्हणून बघितलं. पण पोरगी तिथं गेल्यानं बारकं सांभाळायची सोय झाली होती, म्हणून आई अडून बसली. परीक्षेपुरतं आणतो, म्हणाला बाप. मग मी दुसरा मार्ग धरला. त्यानं फोन दिवसा कोपीवर पोरीपाशी ठेवायचं कबूल केलं, आणि मी पाठ पाठवायला लागले. पहिल्या व्हिडिओत फळा नव्हताच, नुसतं माझं नाक होतं. दुसऱ्यात आवाज नव्हता. सर रजेवरून आल्यावर त्यांनी बाकावर पुस्तकांचा ढीग रचून फोन कसा टेकवायचा ते दाखवलं. मग मी रोज दुपारच्या सुट्टीत एक पाठ करायची. अपूर्णांक, वेळ-काम-वेग, आकृत्यांची कोडी. लांब व्हिडिओ तिकडं उघडत नव्हते म्हणून तुकडे करायला शिकले. नको ते कापायला शिकले. माझा आरडाओरडा कापायलाही शिकले.

तिची उत्तरं आवाजात यायची. "मॅडम, तिसऱ्याचं बारा आलं, बरोबर हाय का?" मागं भाऊ रडायचा, मधेच ती म्हणायची, "गप रे, गप," आणि पुन्हा आकडे सांगायची. हळूहळू मागून बाकीच्या लेकरांचे आवाज यायला लागले. माझ्या यादीतून गेलेली आणि परत आलेली सगळी तिथं तिच्याभोवती बसायला लागली होती. मग मी दुसरी-तिसरीचंही पाठवायला लागले. कधी दोन-दोन दिवस काहीच यायचं नाही. बॅटरी उतरलेली असायची, नाहीतर आई आजारी, भाकरी हिनंच टाकलेल्या. ते दोन दिवस मी शाळेत सगळ्यांवर खेकसायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप तिला घेऊन एसटीनं आला, काम बुडवून. सेलूच्या केंद्रावर मी गेटपर्यंत सोडायला गेले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "गणित समदं केलं मॅडम. आकृत्या ऱ्हायल्या. वेळ पुरला न्हाई." आकृत्यांचे पाठ शेवटी शेवटी होते. त्यातले निम्मे तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

निकाल लागला तेव्हा मी यादी तीनदा बघितली, आता नाव शोधायला मला कुणाची मदत लागत नव्हती. तिचं नाव नव्हतं.

पाडव्याला लोक परत आले. मी तिच्या घरी गेले. बाप ओसरीत खाट टाकून बसला होता, मला बघून उठला, पाणी मागवलं. पोरीला मी आधीच कळवलं होतं निकालाचं. त्यानं स्वतःहूनच विषय काढला. "जाऊ द्या म्याडम. तुमी लय केलं. आमच्या नशिबात साईट बंद पडली, तुमी काय करणार?"

माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगितलं. टिंब, खूण, हिरवी बरोबरची खूण, विनंती. साईट कधीच बंद नव्हती, हेही. "चूक माझी हाय. आन् मी खोटं बोलले," म्हणाले.

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चूक हुती माणसाकडनं," तो म्हणाला. "पर तवाच सांगायचं की. साईट बंद हाय म्हनल्यावर मी म्हनलं, आता हितं कुनाचंच काय चालत न्हाई, चला न्यावं पोरीला. तुमची चूक हाय, असं तुमी म्हनला असता तर मी तिला ठिवून गेलो असतो. तुमी नीट करता म्हनल्यावर करताच, येवढं मला ठावं हाय. कागुद तिच्या मायसाठी पायजे हुता. मला न्हाई."

पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.